फोन धरणाऱ्याची वही : मजुरांसाठी धावणाऱ्या माणसांना सांभाळायचं कसं

शहाद्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. मशीनच्या खणात कात्री, खडू, बॉबिन आणि एक दोनशे पानी वही असते. ती वही ब्लाउजच्या मापांची नाही. आमच्यातली पोरं-पोरी स्थलांतरित मजुरांच्या कामासाठी बाहेर पडली की कुठे गेली, कुणाबरोबर गेली, किती वाजता फोन करणार, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ती धावतात, मी फोन धरते. सतरा वर्षं हेच करत आले आहे, आणि फोन धरणं हे धावण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे असं मी आता ठामपणे सांगते.

दसरा-दिवाळी उलटली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, साक्री या भागातली माणसं पोराबाळांसकट ट्रकात बसून गुजरातेत बारडोली, व्यारा, नवसारीकडे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि हंगामभर राबूनही ती फिटत नाही. कुठे कुठे तर दीडपट फेडून घेतात. हिशेब मुकादमाच्या डायरीत असतो, मजुराच्या हातात चिठोराही नसतो. पडावावर, म्हणजे तोडीच्या मजुरांच्या तळावर, कुणी आजारी पडलं, बाई बाळंत झाली, कुणाच्या पायावर कोयता बसला आणि घरी जायचं म्हटलं, की उत्तर ठरलेलं : आधी उचल फेडा. मग गावाकडून कुणाचा तरी बाप नाहीतर भाऊ आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो आणि आमच्यातलं कुणीतरी निघतं.

राग निघतो तो या निघणाऱ्यावर. मजुरावर एका मर्यादेपलीकडे निघत नाही, कारण मजूर उद्या सकाळी तोडीला लागायचा असतो. मध्ये पडणारा कार्यकर्ता मात्र कुणालाच नको असतो. १९७० च्या दशकात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना शेतमजुरांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हापासून शहाद्याला हे माहीत आहे. मी पाहिलं ते असं की त्याला मारायच्या आधी एकटं पाडतात. रस्त्यात एकटं गाठतात, गावात त्याच्याशी बोलणं तोडायला लावतात, कागदावर एकट्याचं नाव घालतात, घरच्यांना त्याच्या विरोधात उठवतात. म्हणून सांभाळायचं म्हणजे या एकाही जागी त्याला एकटं पडू द्यायचं नाही. पुढे जे सांगते ते सगळं याच एका कामासाठी आहे.

फोन कुणी धरायचा आणि वहीत काय लिहायचं

फोन धरणारं माणूस एका जागी बसणारं हवं. शिंपी, गिरणीवाला, किराणा दुकानदार, निवृत्त अंगणवाडी मदतनीस, असं कुणीही चालेल. जो स्वतः रोज मोर्च्याला आणि कचेरीत फिरतो त्याने हे काम घेऊ नये, कारण नेमक्या वेळी त्याचाच फोन लागत नाही. त्याला एक बदली माणूस हवा, कारण फोन धरणाराही आजारी पडतो.

निघायच्या आधी जाणाऱ्याने समोर बसून माहिती द्यायची, फोनवरून नाही. गाडीचा नंबर, सोबत कोण, कुणाला भेटायचं, पडाव नेमका कुठे, परत कोणत्या रस्त्याने यायचं. अंगावर कोणते कपडे आहेत तेही लिहा. बीपीची, साखरेची गोळी चालू असेल तर तिचं नाव लिहा. जिथे जायचं तिथल्या ओळखीच्या एका माणसाचा नंबर आणि त्या जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाचा नंबर लिहा. मी इथून ११२ फिरवला तर महाराष्ट्राचा कक्ष लागतो आणि माणूस अडकलेलं असतं गुजरातेत, म्हणून तिकडचा नंबर आधीच हाताशी हवा. शेवटी फोनची वेळ. 'संध्याकाळी करते' असं कुणी म्हटलं तर मी लिहून घेत नाही. साडेआठ म्हणजे साडेआठ.

उशीर झाला तर काय करायचं हेही आधीच ठरलेलं हवं, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. पंधरा मिनिटं झाली की जाणाऱ्याला फोन. अर्ध्या तासाने सोबत्याला. तासाभराने तिथल्या ओळखीच्या माणसाला. दीड तासाने पोलिसांना, आणि त्याच वेळी आपल्या वकिलाला. 'रेंज नसेल', 'गाडी पंक्चर झाली असेल' असं म्हणून यातली एकही पायरी पुढे ढकलायची नाही. दहा वेळा पंक्चरच निघेल. निघू द्या.

आमचा खुणेचा शब्दही असतो. मागे वापरलेला, आता बदललेला सांगते. फोन आला की मी अहिराणीत विचारायचे, 'जेवाले येशी ना?' समोरून 'भरीत कर' असं आलं तर सगळं ठीक. 'कळणानी भाकर कर' आलं तर शेजारी कुणीतरी उभं आहे, मोकळं बोलता येत नाही, हालचाल करा. तुम्ही तुमच्या घरातला कुठलाही साधा शब्द घ्या, पण तो सहा महिन्यांनी बदला आणि कुठेही लिहून ठेवू नका.

सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत हे सगळं कामाला आलं. आमची एक पावरा आदिवासी मुलगी आणि तळोद्याकडचा एक पोरगा, दोघं मोटरसायकलने एका पडावावर गेले होते. तिथल्या एका बाईचं बाळ तापाने फणफणलं होतं आणि तिला निघू देत नव्हते. फोनची वेळ साडेआठ. नऊ वाजता दोघांचेही फोन बंद. साडेनऊला ओळखीच्या माणसाने सांगितलं की तो लग्नाला बाहेरगावी आहे. दहाला मी तिकडच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिकडून पहिलाच प्रश्न आला, 'ठिकाण सांगा.' माझ्या वहीत पोरीच्या अक्षरात लिहिलेलं होतं : कालव्याच्या डाव्या हाताला, पिठाच्या गिरणीच्या मागे, लिंबाची तीन झाडं, चाळीसेक खोपी. गाडीचा नंबर होता, पोराचा पिवळा शर्ट होता. मी वाचत गेले, पलीकडचा माणूस लिहीत गेला. दहा चाळीसला पोरीचा फोन आला. गाडीची चावी काढून घेऊन दोघांना एका खोपीत बसवून ठेवलं होतं आणि 'चोर पकडलेत' म्हणून माणसं गोळा केली जात होती. पोलिसांची गाडी कालव्यावर दिसली तशी ती माणसं पांगली. त्या तीन लिंबांच्या झाडांनी माझी दोन लेकरं परत आणली असं मी मानते. तेव्हापासून ठिकाणाची खूण मी दोनदा विचारून लिहिते.

पडावावर जाताना

एकट्याने जायचं नाही, कितीही छोटं काम असो. दोघांपैकी एक बाई असावी, आणि एकाला तिथल्या मजुरांची बोली यावी. पावरी, भिलोरी, मावची येणारं माणूस बरोबर असलं की खोप्यांमधल्या बायका आपल्यामध्ये आणि मुकादमाच्या माणसांमध्ये येऊन उभ्या राहतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

उजेडात जा, उजेडात निघा. उचलीचा हिशेब किंवा खावटीचं वाटप चालू असेल त्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी मुकादमाकडे रोकड असते आणि चोरीचा आळ घ्यायला तेवढं पुरतं. मुकादमाशी नीट बोला. तोही बहुतेक वेळा आपल्याच भागातला, कधी त्याच गावचा, कारखान्याकडून पैसे उचलून अडकलेला असतो. त्याला 'दादा' म्हणून बोललात तर निम्म्या वेळा वाट मोकळी होते. उरलेल्या निम्म्या वेळांसाठी वही आहेच.

तीन खोटे गुन्हे, आणि त्यांना जागाच न ठेवणं

कार्यकर्त्यावर मारहाणीपेक्षा जास्त येतात ते गुन्हे. ते फिरून फिरून तीनच असतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर सांगते.

पहिला खंडणीचा. मजुराची थकलेली मजुरी मिळवून देताना तडजोड होते, मालक पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, 'ताई, तुम्हीच देऊन टाका त्यांना.' ते पाकीट हातात घेतलं की संपलं. नव्या न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली तक्रार होते आणि फोटोत पाकीट तुमच्या हातात असतं. मजुराचा एक रुपयाही कार्यकर्त्याच्या हातातून जाता कामा नये. पैसे थेट मजुराच्या बँक खात्यात, आणि तडजोड कामगार अधिकाऱ्यासमोर लिहून. खातं नसेल तर आधी खातं काढा, चार दिवस उशीर होऊ द्या. बसभाडं, चहा, दवाखाना यांचा खर्च आपण केला तर त्याच्या पावत्या ठेवा. मजुराने प्रेमाने दिलेली कोंबडीही घेऊ नका. वाईट वाटतं, पण घेऊ नका.

दुसरा पळवून नेल्याचा. मजूर कुटुंबाला गाडीत बसवून आणलं आणि मुकादमाने ठाण्यात जाऊन सांगितलं की माझी बाई पळवली, पोरं पळवली. हे टाळायचं तर सोडवणूक आपण करायचीच नाही, अधिकाऱ्याकडून करवून घ्यायची. उचल देऊन माणसाला अडकवून ठेवणं ही वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात हे काम जिल्हाधिकाऱ्यांचं आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करवून घेतलेलं काम हेही सक्तीचं कामच. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना द्या, त्याची प्रत ईमेलने पोलीस अधीक्षकांना द्या, आणि अधिकारी येतील तेव्हा सोबत उभे राहा. मजुराला मुक्ततेचा दाखला मिळाला की तातडीची ३०,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते, ते वेगळंच. अगदीच जिवावर बेतलं असेल, दवाखान्यात न्यायचंच असेल, तर निघायच्या आधी मोबाइलवर त्या बाईचं तिच्याच बोलीत म्हणणं रेकॉर्ड करा : मी माझ्या मर्जीने निघते, ही माझी लेकरं, आम्ही अमुक दवाखान्यात जातो. मूल कधीही आईबापाशिवाय गाडीत घेऊ नका.

तिसरा सरकारी कामात अडथळ्याचा. कचेरीत आवाज चढला, टेबलावर हात आपटला, एवढ्यावरही तो दाखल होतो. कचेरीत दोघांनी जायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प बसून लिहायचं. अर्जाची पोच घ्यायची. पोच देत नसतील तर भांडायचं नाही, त्याच दिवशी पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा. आमच्यातला एक दादा फार तापट. आम्ही त्याला लिहिणारा केलं. हातात पेन असलं की त्याचा हात टेबलावर पडत नाही.

धमकी आली की

धमकी आली की माणसं दोन चुका करतात. एक तर कुणाला सांगत नाहीत, घरचे घाबरतील म्हणून. आणि सांगितलं तरी सौम्य करून सांगतात. 'तो काहीतरी बोलला' याला कायद्यात किंमत नाही. शब्द जसेच्या तसे लिहा, ज्या भाषेत आले त्या भाषेत, शिवीसकट. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, गाडीचा नंबर. वहीत यासाठी मागची पन्नास पानं मी वेगळी ठेवते. फोनवर मेसेज किंवा रेकॉर्डिंग असेल तर ते दुसऱ्याला पाठवून मूळ पुसून टाकू नका. कोर्टात असा पुरावा साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, आणि मूळ फोनच जवळ असला तर वकिलाचं काम सोपं होतं. नवा फोन घेतला तरी जुना विकायचा नाही.

मग ठाण्यात जा. अदखलपात्र म्हणून नुसती एनसी, म्हणजे गुन्हा न घेता नुसती नोंद, केली तरी ती घ्या. एनसीने काय होतं असं लोक म्हणतात. तिच्याने एवढं होतं की पुढे हल्ला झाला तर 'आधी काही नव्हतं' असं कुणाला म्हणता येत नाही. आमच्या एका ताईच्या तीन एनसी होत्या. चौथ्या वेळी तिच्या घरावर दगड पडले तेव्हा त्या तीन कागदांमुळेच साहेबांनी रात्री गस्त लावली.

गुन्हा दखलपात्र असूनही घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आणि हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. आपल्या नवापूरच्या रेल्वे स्टेशनातूनच दोन राज्यांची सीमा जाते. मजूर एका राज्याचा, पडाव दुसऱ्या राज्यात, धमकी फोनवरून. अशा वेळी कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात शून्य नंबरने गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो.

कार्यकर्ता एखाद्या खटल्यात साक्षीदार असेल आणि गुन्हा सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचा असेल, तर साक्षीदार संरक्षण योजनेचा अर्ज करा. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही योजना देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज जातो, पोलिसांना पाच कामकाजाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यावा लागतो, आणि संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळतं, गरज असेल तर पुन्हा. आपल्याकडे हा अर्ज करणारे फार थोडे आहेत, कारण तो आहे हेच माहीत नसतं. तुमच्या वकिलाला विचारा.

पोलिसांनी बोलावलं, किंवा उचललं

तोंडी बोलावण्यावर एकट्याने ठाण्यात जायचं नाही. 'नोटीस द्या, येतो' हे नम्रपणे सांगायचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन बोलावतात. ती आली की मात्र टाळायचं नाही, वकिलाला घेऊन जायचं. बाईला नुसती साक्ष विचारायची असेल तर ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी यावं लागतं. साठीच्या पुढच्या माणसालाही तेच लागू. अटकच झाली तर कारण सांगावं लागतं, घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला कळवावं लागतं, वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अगदी अपवादाचं कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. ही चार वाक्यं एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, वाचता येतं.

याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे आधीची तयारी. आमच्या प्रत्येकाने सही केलेलं वकीलपत्र वकिलांकडे ठेवलेलं आहे. दोन जामीनदार ठरलेले आहेत, त्यांचा सातबारा आणि आधारची प्रत माझ्या खणात आहे. दर उन्हाळ्यात मी सातबारा नवा काढायला लावते. शनिवारी संध्याकाळी माणूस आत गेलं आणि जामीनदार शोधायला सोमवार उजाडला, असं आमच्या बाबतीत एकदा झालं. पुन्हा होऊ दिलं नाही. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे, नंबर १५१००. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल किंवा कोठडीत असलेलं कुणीही असेल, तर वकील मोफत मिळतो.

तडीपारीची नोटीस आली तर घाबरून गाव सोडू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे आधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. तिथे आपले साक्षीदार देता येतात : शाळेचे मुख्याध्यापक, सरपंच, दवाखान्यातल्या सिस्टर. ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडून काम काय करता ते लिहून घ्या. आदेश निघालाच तर ३० दिवसांत शासनाकडे अपील आहे.

फोटो आणि अफवा

ही चूक माझी आहे, म्हणून लिहिते. एका पडावावरच्या खोपीत ओल्या बाळंतिणीचा फोटो आमच्या पोराने काढला होता, डॉक्टरला दाखवायला. मला इतकं कळवळून आलं की मी तो आमच्या साठ जणांच्या ग्रुपवर टाकला. कुणी मदत करेल म्हणून टाकला. संध्याकाळपर्यंत तो मुकादमाच्या फोनवर होता. दुसऱ्या दिवशी ते जोडपं पडावावरून हलवलं गेलं, आणि कुठे नेलं हे आम्हाला नऊ दिवस कळलं नाही. फोटोच्या कोपऱ्यात आमच्या पोराची मोटरसायकल दिसत होती, त्यामुळे कोण आलं होतं तेही कळलं. नऊ दिवस मी मशीनवर बसले नाही.

आता नियम असा की चेहरा, मूल, खोपीचा नंबर, गाडी यातलं काहीही ग्रुपवर जात नाही. ज्याला काम करायचं आहे त्या एकालाच पाठवायचं. मजुरांची यादी मोबाइलमध्ये नावानिशी ठेवायची नाही. फोनला बोटाचं नव्हे, आकड्यांचं कुलूप लावा, कारण कुणी बळजबरीने बोट दाबून घेऊ शकतं.

अफवेचं भय याहून मोठं. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. पोटासाठी फिरणारी माणसं होती ती, मंगळवेढ्याकडची. मोबाइलवरच्या अफवांनी ते झालं. आम्हीही अनोळखी गावात जातो, पोराबाळांची चौकशी करतो, फोटो काढतो. म्हणून नव्या गावात पाऊल टाकायच्या आधी पोलीस पाटील आणि सरपंच यांना फोन करून नाव, गाडीचा नंबर, काम सांगतो. आठवडी बाजाराच्या दिवशी अनोळखी पाड्यावर जात नाही. गावात आधी शाळेत किंवा अंगणवाडीत थांबतो, चार माणसांना आपण दिसू देतो, मग वस्तीत जातो. आपल्याविषयी अफवा उठली असं कळलं तर खुलासा ग्रुपवर लिहीत बसू नका. गावात ज्याचं ऐकलं जातं अशा माणसाला तोंडी बोलायला लावा आणि त्या दिवशी तिथून निघा.

खान्देशात येणारी माणसं

आपल्याकडून माणसं जातात तशी येतातही. रावेर-यावलच्या केळीच्या कामावर, जळगावच्या एमआयडीसीत आणि डाळ मिलमध्ये परप्रांतातले मजूर आहेत. ८ मे २०२० ला करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले, ते जालन्याहून रुळांवरून चालत भुसावळकडेच निघाले होते, मध्य प्रदेशातल्या घरी जाणारी गाडी मिळेल म्हणून. ती बातमी वाचली त्या दिवसापासून आमचा फोन रात्रीही बंद होत नाही.

बंगाली बोलणाऱ्या मजुराकडे आज संशयाने पाहिलं जातं, आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्याकडेही. अशा मजुराची कागदपत्रं कार्यकर्त्याने आपल्याजवळ ठेवू नयेत. प्रती काढून वकिलाकडे द्याव्यात, आणि त्याच्या गावच्या पंचायतीशी, नातेवाइकांशी लगेच फोन जोडून द्यावा. माणूस खरंच दुसऱ्या देशातून जीव वाचवून आलेला असेल तर काम जास्त नाजूक आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू आहे. त्याला परस्पर घरात ठेवू नका, आधी वकील. पण जगण्याचा हक्क त्यालाही आहे. १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटनेचं कलम २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या आजी-आजोबांना विचारा, फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला कुणीतरी दारात उभं करून घेतलं म्हणजे काय होतं.

जिल्ह्याबाहेर आवाज न्यायचा तर

स्थानिक पातळीवर कागद जमा झाले आणि तरी काही हललं नाही, तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जा. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करायची, ती आपल्या भाषेत चालते, फी नाही. हेल्पलाइन १४४३३. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या तक्रारी पाहणारा वेगळा अधिकारी तिथे नेमलेला असतो, म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा की हा हल्ला कामामुळे झाला आहे. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९९८ ला अशा माणसांसाठी जाहीरनामा केला, त्यात संरक्षण देणं ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे. त्याचाही उल्लेख करा. फक्त हे सगळं त्या कार्यकर्त्याला विचारून करा. काहींना नाव बाहेर गेल्याने बळ येतं, काहींच्या घराला त्याचा त्रास होतो. ठरवायचं त्याने.

घर

शेवटी घर, कारण माणूस खचतं ते घरात. मुकादम भाऊकीतला असतो. लग्नात, दहाव्याला भेटतो. तो कार्यकर्त्याला काही बोलत नाही, त्याच्या आईला बोलतो : 'काकू, पोराला समजवा, उगाच कशाला.' आई रात्रभर रडते. त्या रडण्यापुढे धडधाकट पोरं काम सोडतात, ती मी पाहिली आहेत.

म्हणून महिन्यातून एकदा मी प्रत्येकाच्या घरी जाते. कामाचं सांगायला नाही, बसायला. आईला, बायकोला, नवऱ्याला माझा नंबर तोंडपाठ करायला लावते. काय घडू शकतं ते त्यांना आधीच माझ्याकडून कळलेलं असतं, त्यामुळे मुकादमाकडून कळलं तरी पाय गळत नाहीत. पोरांच्या शाळेतल्या बाईंना सांगून ठेवतो की घरच्याशिवाय कुणाबरोबर सोडू नका. आम्ही सगळे दरमहा शंभर रुपये पोस्टात टाकतो, खातं दोघांच्या नावावर आहे. त्यातून जामिनाचा खर्च निघतो, आणि मोठं प्रकरण झालं की त्या माणसाला आठ दिवस मामाच्या गावी पाठवतो. फोन माझ्याकडे ठेवून पाठवतो.

आणि रात्री उशिरा कुणी परतलं की पहिला प्रश्न 'काय झालं' असा विचारायचा नाही. पाणी द्यायचं, ताट वाढायचं. जेवताना बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर नाही. अंगावर मार असेल तर मात्र जेवण थांबवून आधी सरकारी दवाखाना, कारण जखमेची नोंद त्याच रात्री व्हायला हवी. बाकी सगळं सकाळी, चहा झाल्यावर, वही उघडून. रात्री फक्त एवढंच लिहायचं : परत आले, दोघंही, अकरा वाजून दहा मिनिटं.